वेठ आणि स्वयंसेवा

(मीरा रोड येथे कार्यकर्ते व नवदीक्षित कुटुंबे यांच्या सभेत केलेले भाषण)



संस्थांनी स्वयंसेवक कसे मिळवावेत आणि मिळालेल्या स्वयंसेवकांना कसे सांभाळावे, हा विषय आजच्या सभेसाठी मला नेमून देण्यात आला आहे. वरवर पाहता हा विषय साधा वाटतो. संस्थांच्या चालकांना विचारा, ते सांगतात की माणसे कामाला येत नाहीत. कामाला आलेल्या माणसांना विचारा, ते सांगतात की आम्हाला राबवून घेतले जाते. पण आम्ही जेवलो की नाही, घरी कसे पोहोचलो, याची विचारपूस कोणी करीत नाही. या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोहोंचे मूळ एकच आहे. स्वयंसेवा आणि वेठ यांतील भेद आपण मनाशी नीट ठरविलेला नाही, हे ते मूळ होय.

हा भेद आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळावयास हवा? आपल्या आज्या-पणज्यांचे सारे आयुष्य मोबदल्याविना राबण्यात गेले. महार वतनाच्या नावाखाली टपाल पोहोचविणे, सरकारी पाहुण्यांना वाट दाखविणे, सारा भरण्यासाठी लोकांना बोलावून आणणे, रात्री गावाची राखण करणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, ही सारी कामे रात्री-अपरात्री सांगितली जात आणि त्यांना नकार देण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले, ते याच गुलामगिरीवर घाव घालण्यासाठी. पुढे संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली. महाराष्ट्रातील कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. तेव्हा आपल्या माणसाला कोणी ‘फुकट काम कर’ असे म्हटले आणि त्याच्या मनात शंका आली, तर त्याला आळशी म्हणू नका. ती शंका त्याला इतिहासाने शिकविलेली आहे.

मग फुकट केलेले काम आणि वेठ यांत फरक कोणता? २०१३ साली जिनिव्हा येथे भरलेल्या श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वयंसेवी कामाची व्याख्या ठरविली. वेतनाशिवाय, सक्तीशिवाय आणि स्वतःच्या कुटुंबाबाहेरील इतरांसाठी केलेले काम म्हणजे स्वयंसेवी काम, असा तिचा आशय आहे. या तीन अटींतील मधली अट महत्त्वाची आहे. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला किंमत असते. ज्या संस्थेत नकार देणाऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहिले जाते, तिथे स्वयंसेवा संपते आणि जुनी वेठ नवे नाव धारण करून परत येते.

महाड आणि नाशिक

आपल्या चळवळीने हा भेद आरंभापासून पाळला होता. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडला पहिली परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेच्या वेळी सनातन्यांनी अडवणूक केली, जागा मिळू नये म्हणून खटपट केली. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली आणि धान्य-सामान बाहेरून आणावे लागले. सत्याग्रहाची भाषा बोलण्यापूर्वी चालकांना माणसांच्या पाण्याची, भाकरीची आणि निवाऱ्याची तरतूद करावी लागली. ती झाली म्हणूनच इतकी माणसे त्या गावी टिकू शकली.

त्या डिसेंबरच्या परिषदेत सत्याग्रहाला तयार असलेल्या ३,८८४ जणांनी आपली नावे नोंदविली. ते लोक मार खाण्याच्या आणि तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. मार्चमध्ये परिषद आटोपून निघालेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला होता, हे त्यांना ठाऊक होते. परंतु तळ्याच्या प्रश्नावर न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम झालेला होता. अशा वेळी लोकांच्या आवेशाचा उपयोग करून घेणे कोणत्याही पुढाऱ्याला सोपे गेले असते. बाबासाहेबांनी तसे केले नाही. सत्याग्रह तहकूब का करावा, हे त्यांनी भर परिषदेत समजावून सांगितले, तसा ठराव मांडला आणि लोकांनी तो मानला. मग तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक निघाली. पुढे मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ज्यांनी नावे दिली होती त्यांना कारण सांगावे लागते, त्यांचा जीव उगाच धोक्यात घालता येत नाही, ही जबाबदारी त्या दिवशी पाळली गेली.

नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेथे पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया मंदिराच्या चार दरवाजांवर बसल्या. हजारो लोक जमलेले असताना पहिली तुकडी दीडशेचीच का केली? कारण लढा लांबणार हे चालकांना दिसत होते. एकाच दिवशी सगळी माणसे खर्ची घातली तर दुसऱ्या दिवशी दरवाजावर कोण बसणार? दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते तो लढा काही वर्षे चालवू शकले, ते पाळीपाळीच्या याच शिस्तीमुळे.

‘स्वयंसेविका’ या नावाआड

याच्या उलट उदाहरणही आपण पाहिले पाहिजे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून गावोगाव आशा नेमल्या गेल्या. त्यांना सरकार मानद स्वयंसेविका समजते. वेतन नाही, कामागणिक मोबदला. कोविडच्या साथीत त्यांनीच घरोघर जाऊन रुग्ण शोधले. शेवटी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरवाने चूल पेटत नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर येऊन सांगावे लागले. अंगणवाडीच्या सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

यातून आपण नियम घेतला पाहिजे. जे काम रोजचे आहे, कायमचे आहे आणि ज्यावर कोणाचे घर चालणार आहे, त्या कामाला वेतन द्यावे. त्याला सेवेचे नाव देऊन वेतन टाळू नये. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही २३व्या अनुच्छेदाखालची वेठच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटले आहे. आपल्या संस्थांनी सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या कार्यालयातील झाडणारी बाई, अभ्यासिकेचा रखवालदार आणि हिशेब लिहिणारा मुलगा यांच्याकडे पाहावे.

संस्थेचे देणे

आता मीरा रोडकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर गेलेली होती. इथली पुष्कळ माणसे पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जातात आणि रात्री परततात. बायका घरकाम आणि नोकरी दोन्ही ओढतात. अशा माणसाला ‘जमेल तेव्हा येत जा’ असे मोघम सांगितले तर तो कधीच येणार नाही. त्याला नेमके सांगा: रविवारी सकाळी नऊ ते अकरा, अभ्यासिकेत सातवीच्या मुलांना गणित शिकवायचे आहे, तीन महिन्यांसाठी, आणि काही अडल्यास अमुक भगिनीला विचारायचे आहे. काम, जागा, वेळ आणि मुदत या चार गोष्टी ज्यात आहेत ते निमंत्रण होय. सभेच्या शेवटी हात वर करावयास लावणे म्हणजे भरती नव्हे. घरी जाऊन, समोर बसून, एकेका माणसाला त्याच्या नावाने विचारावे लागते.

दुसरे देणे शिकवणुकीचे. पाणी फाउंडेशनने २०१६ साली तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. कुदळ हाती देण्याआधी गावातून निवडलेल्या माणसांना प्रशिक्षण दिले गेले आणि त्यांत स्त्रियाही होत्या. चर कोठे खणावा हे कळल्यावाचून खणणाऱ्याचा घाम वाया जातो. त्याच २०१६ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ‘आपदा मित्र’ योजना आखली. पुराचा धोका असलेल्या तीस जिल्ह्यांतून सहा हजार स्वयंसेवक तयार करावेत, त्यांना प्रशिक्षण आणि साहित्याचा संच द्यावा, असे त्यात ठरले. २६ जुलै २००५ च्या पावसात आपल्या या भागाचे काय झाले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सांगावयास नको की पोहता न येणारा उत्साही तरुण पाण्यात उतरला तर वाचवावी लागणारी माणसे एकाने वाढतात.

तिसरे देणे खर्चाचे. गाडीभाडे, चहा, जेवण आणि दूरध्वनीचा खर्च स्वयंसेवकाच्या खिशातून जाता कामा नये. वेतन वेगळे आणि खर्चाची भरपाई वेगळी. भरपाई मागणारा माणूस सेवाभावात कमी, असे मानणारी संस्था गरिबांना आपोआप बाहेर ठेवते. मग पदाधिकारी होतात ते ज्यांना परवडते ते, आणि सतरंज्या उचलतात ते बाकीचे. जातीने जे केले तेच आपण पैशाच्या आधाराने करू लागतो. हा खर्च वहीत लिहावा आणि ती वही कोणालाही पाहता यावी.

चौथे देणे सुरक्षिततेचे आणि मानाचे. आपल्या भगिनींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी स्त्रियांपुरता नाही. स्वेच्छेने, विनावेतन काम करणारी स्त्रीही त्याच्या संरक्षणात येते. दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे अंतर्गत समिती असली पाहिजे आणि त्याहून लहान संस्थेतील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. ‘चळवळीची बदनामी होईल’ असे सांगून तिचे तोंड बंद करणारा माणूस चळवळीचा मित्र नव्हे. शिवाय स्त्रियांना केवळ स्वयंपाकाची आणि पुरुषांना केवळ व्यासपीठाची कामे देण्याची सवयही सोडली पाहिजे. नाशिकच्या दरवाजांवर त्या पंचवीस स्त्रिया कशासाठी बसल्या होत्या?

पाचवे देणे बोलण्याच्या आणि निघून जाण्याच्या हक्काचे. काम संपल्यावर स्वयंसेवकांना एकत्र बसवावे आणि काय चुकले ते त्यांच्याकडून ऐकावे. ज्याला थांबायचे आहे त्याचे आभार मानून त्याला मोकळे करावे. सन्मानाने गेलेला माणूस पुढच्या वर्षी परत येतो.

आजारी भिक्खू

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन आपल्याच मळात पडला होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. इतर भिक्खू त्याची शुश्रूषा का करीत नाहीत असे विचारता उत्तर मिळाले, की तो भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. तेव्हा बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः त्याला आंघोळ घातली, नीट निजविले, आणि मग संघाला बोलावून परस्परांची शुश्रूषा करण्याची शिकवण दिली. उपयोग आहे तोवर माणूस आपला, उपयोग संपला की परका, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी संघातसुद्धा शिरला होता आणि शास्त्याला तो काढून टाकावा लागला. आपल्या संस्थांनी स्वतःला विचारावे: गेल्या वर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रभर उभा राहिलेला आपला स्वयंसेवक पुढे आजारी पडला, त्याची नोकरी गेली, तेव्हा त्याच्या घरी कोण गेले?

स्वयंसेवकाचेही देणे आहे. दिलेली वेळ पाळावी. येणे जमत नसेल तर आधी कळवावे. हाती आलेल्या पैशाचा हिशेब मागण्यापूर्वी द्यावा. मदत घ्यायला आलेल्या माणसावर उपकाराची भाषा करू नये. स्वेच्छेने दिलेला शब्द पाळणे हे स्वतंत्र माणसाचे लक्षण आहे. वेठबिगाराला शब्दच नसतो.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ५ डिसेंबर हा दिवस स्वयंसेवकांसाठी नेमला. दूरदूरच्या गावांतून माणसे दादरला उतरू लागतात, तोच हा दिवस. त्यांना वाट दाखविणारे, पाणी देणारे, चुकलेल्या मुलाला आईकडे पोहोचविणारे हजारो हात त्या दिवशी लागतात. मीरा रोडहून आपणही जाणार आहोत. माझी एवढीच सूचना आहे की, त्याआधी आपल्या वस्तीत एक वही करावी. प्रत्येक नावापुढे काम, वेळ आणि मुदत लिहावी. आणि त्याच ओळीत आणखी एक रकाना ठेवावा: या माणसाची काळजी कोणी घ्यायची. तो रकाना रिकामा असेल तर ते नाव लिहू नये. ज्याची जबाबदारी घ्यावयास कोणी तयार नाही, त्याचे श्रम मागण्याचा अधिकारही कोणाला नाही.

जयभीम.