दोन तास तिच्याजवळ बसा

तरुण मित्रांनो, पालम-जिंतूरच्या खेड्यातून गरोदर बाई तपासणीला येते तेव्हा दिवसाची मजुरी बुडते. “उद्या उपाशीपोटी या” म्हटलं, तर ती पुन्हा येईलच असं नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुढे आणलेल्या साखरेच्या तपासणीला उपास लागत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा जास्त आली, तर गरोदरपणातला मधुमेह. सरकारी सूचनेप्रमाणे ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत व्हायला हवी.

बहुधा त्रास काहीच जाणवत नाही. पण बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अवघड होऊ शकतं. वेळेत कळलं, तर बहुतेकींना आहार आणि चालणं पुरतं. काहींना औषध किंवा इन्सुलिन लागतं. बाळंतपणानंतर दीड महिन्याने पुन्हा तपासणी करायची. रमजानमध्ये डॉक्टरांनी रोजा नको म्हटलं, तर नंतर ठेवण्याची सवलत दीनने दिलीच आहे.

मी पत्नीला दवाखान्याच्या दारात सोडून कामावर गेलो होतो. ती एकटी कंटाळून परतली, तपासणी लांबली; पुढे साखर वाढलेली निघाली. ती चूक माझी होती. तुम्ही ती करू नका. आजच आशाताईंना तारीख विचारा आणि ते दोन तास तिच्याजवळ बसा.