बळीचा बकरा

काही वर्षांपूर्वी गोरेगाव स्टेशनच्या पुलावर 'पाकीटमार, पाकीटमार' अशी ओरड झाली आणि वीस-पंचवीस जण एका पोरावर तुटून पडले. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं, तेही हात धुऊन घेत होते. मी मारलं नाही, पण थांबवलंही नाही. थोड्या वेळाने पाकीट मालकाच्याच पिशवीत सापडलं. तोवर गर्दी लोकलमध्ये चढून गेली होती.

मित्रहो, फ्रेंच विचारवंत रेने जिरार (१९२३-२०१५) यांनी आयुष्यभर या गर्दीचाच अभ्यास केला. ते म्हणतात, माणूस दुसऱ्याचं पाहून हव्यास धरतो. त्यातून चुरस आणि चुरशीतून वैर येतं. समाज फुटायला आला की सगळ्यांचा राग एकावर वळतो. तो बहुधा परका असतो, दुबळा असतो. त्याला मारलं की शांतता होते आणि शांतता झाली म्हणजे दोष त्याचाच होता, असं सगळ्यांना पटतं. पुराणकथा ही अशी मारणाऱ्यांच्या तोंडून आलेली असते.

बायबलच्या लेवीय पुस्तकात बोकडाच्या डोक्यावर हात ठेवून, लोकांची पापं त्याच्यावर लादून त्याला रानात सोडण्याचा विधी आहे. येशूच्या बाबतीत तेच घडलं. राष्ट्र वाचवायला एकाने मेलेलं बरं, असा सल्ला महायाजक कयफाने दिला. पिलात आणि हेरोद हे जुने वैरी त्या दिवशी मित्र झाले, असं लूक नोंदवतो. फरक एवढाच, की ही गोष्ट मरणाऱ्याच्या बाजूने सांगितली आहे: तो निर्दोष होता. आणि त्याचा जिवलग शिष्य पेत्र? तो अंगणात शेकोटीपाशी 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत होता.

पण हे ऐकणारेही विसरले. १३४९ साली स्ट्रासबुर्गमध्ये प्लेग पोहोचण्याआधीच, विहिरीत विष टाकल्याच्या आरोपावरून ख्रिस्ती नगरवासीयांनी शेकडो ज्यूंना जाळलं. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे सांगितलं ते १९६५ साली.

आपणही लांब नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपलीकडे पुरावा काहीच नव्हता. मारणाऱ्यांना मात्र आपण गाव वाचवतोय असंच वाटत होतं.

म्हणून सगळ्यांचं बोट एकाच माणसाकडे वळलेलं दिसलं, की मला आधी आपलं बोट तपासावंसं वाटतं. पुलावरच्या त्या पोराचं नावही मी विचारलं नाही. शेकोटीपाशी मीही उभा होतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)