बिनशर्त, पण बिनहिशेबी नव्हे



स्वयंनिर्णय म्हटले की फुटून निघणे, असाच अर्थ आपण सहसा करतो. कॅनडातील फ्रेंचभाषी क्वेबेक प्रांताने १९८० आणि १९९५ साली वेगळे होण्याच्या प्रश्नावर जनमत घेतले. दुसऱ्या खेपेस अवघ्या एका टक्क्याच्या आसपास मताधिक्याने तो प्रस्ताव पडला. आपल्या मराठवाड्याचा स्वयंनिर्णय मात्र जोडून घेण्याचा होता.

निजामी राजवटीत येथील बहुसंख्य लोकांची भाषा मराठी, आणि कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. स्वतःच्या गावात स्वतःचे गाऱ्हाणे दुसऱ्याच्या भाषेत मांडावे लागे. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषद भरली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्ता संपली. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे, असा आग्रह स्वामी रामानंद तीर्थांनी धरला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

आपण बिनशर्त आलो, हे आपण अभिमानाने सांगतो. पण बिनशर्त म्हणजे बिनहिशेबी नव्हे. १९५३ च्या नागपूर कराराने निधी, नोकऱ्या आणि तंत्रशिक्षण यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाट्याचे आश्वासन दिले होते. संविधानाच्या ३७१ व्या कलमाखालचे विकास मंडळ यायला १९९४ साल उजाडले. २०२० च्या एप्रिलअखेर त्याची मुदतही संपली. एकत्र कुटुंबात धाकट्याने हिशेब मागितला म्हणजे तो वाटणी मागतो, असे नव्हे. हिशेब टाळला जातो, तेथेच वाटणीची भाषा सुरू होते.

मात्र हाच हिशेब आपल्यालाही द्यावा लागेल. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. कचेरी जवळ आली. तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या म्हातारीला ती जवळची वाटते काय? उर्दू ज्याच्या घरची भाषा आहे, त्या शेजाऱ्याला आपल्या अस्मितेत जागा आहे काय? ज्याने सक्ती सोसली, त्याने ती दुसऱ्यावर लादू नये.

आपल्या नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते नामदेवराय पंजाबात गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तिकडच्या लोकांत ते मिसळले, म्हणून त्यांचे मराठीपण उणावले नाही. आपला हक्क मागताना आणि दुसऱ्याचा हक्क देताना, दोन्ही वेळी त्यांची आठवण ठेवावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.