पट्ट्याचे दुसरे टोक

या गोदाघाटावर पंडित बोलून गेले. आम्ही संघाच्या कचेरीत वाचून शिकलेले. तेव्हा श्वानपथकावरही बोलणार ते राबणाऱ्याच्या बाजूने.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी 'जंजीर' या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढल्याची नोंद आहे. त्याचे नाव घरोघर पोचले. पट्टा धरणाऱ्या शिपायाचे कितीजणांना ठाऊक आहे? स्फोटक सापडले की असे कुत्रे भुंकत नाही, मुकाट्याने खाली बसते. ते बसणे थकव्याचे की वासाचे, हे ओळखण्याचे कसब शिपायाचे. चुकले तर तो पट्ट्याच्या लांबीइतकाच दूर! (कुत्र्याचे आम्हांला कौतुक आहेच.)

१९६६ च्या कायद्याने पोलिसाला सरकारच्या मंजुरीवाचून कामगार संघटना काढता येत नाही. कुत्र्याच्या खुराकाचे माप ठरलेले असते. शिपायाच्या जादा तासांचे कोणत्या वहीत आहे, एवढेच आम्ही विचारतो.