नाव, तारीख आणि कारण
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. दहावीत असताना जामनेर स्टेशनातल्या लाकडी बाकावर मी कर्कटकाने माझं नाव कोरलं होतं. इतिहास शिकवणारे आपले सर नेमके मागे उभे होते. आता मार बसणार, असं वाटलं. सर एवढंच म्हणाले, "नाव दिसलं. पण कधी आणि कशासाठी, ते कुठे आहे?"

त्याच वर्षी आपली सहल अजिंठ्याला गेली. दहाव्या लेण्यात सरांनी मला पुढे बोलावून एक ओरखडा दाखवला. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने बोधिसत्त्वाच्या चित्रावरच आपलं नाव कोरलंय. तारीख २८ एप्रिल १८१९. सर म्हणाले, "याने तारीख घातली, पण दुसऱ्याच्या कामावर." तेव्हा सगळे हसले. मी मात्र ते विसरलो नाही. पुढे नोकरीत खानदेशभर फिरलो. जिथे गेलो तिथली शिळा, पाटी, कोनशिला वाचायची सवयच लागली.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख घ्या. इ. स. १२०७ चा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि त्याला दान मिळालं, ही त्यातली मुख्य गोष्ट. वरचा मजकूर संस्कृतात आहे. पण मठाला कोणी काय द्यायचं, हे मात्र मराठीत आहे. प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल, असा त्यात हिशेब आहे. ज्याने द्यायचं त्याला कळलं पाहिजे ना! शाळा कशावर चालते, हे आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर लिहून ठेवलं.

अजिंठा गावात पारोची कबर आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं खपला. त्यातल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. पारोचा दगड मात्र राहिला, त्यावर २३ मे १८५६ ही तारीखही राहिली. आपल्या तालुक्यात, शेंदुर्णीला शिकलेल्या ना. धों. महानोरांनी तिच्यावर 'अजिंठा' लिहिलं. एवढासा दगड नसता, तर ही बाई होती की नुसती दंतकथा, असा वाद घालत बसलो असतो.

फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू. ते सगळ्यांना पाठ आहे, कारण त्याचं स्मारक आहे.

आता आपल्या जामनेरचं काय? आपलं स्मारक अडीच फुटी रुळांवरून धावायचं. पीजे! पाचोरा ते जामनेर छप्पन्न किलोमीटर. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. पाचोऱ्याला मुंबईची मोठी गाडी मिळायची. आपल्यातली किती मुलं पहिल्यांदा गाव सोडून निघाली ती याच गाडीने. किती लेकी हिच्याच खिडकीतून माहेर मागे पडताना बघत सासरी गेल्या. शंभर वर्षं तिने हे केलं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुटली नाही. आता तिथे ब्रॉडगेज होणार, पुढे बोदवडपर्यंत जाणार. चांगलंच आहे. मोठी गाडी आपल्याला हवीच होती. पण नवीन स्टेशनावर उद्घाटनाची कोनशिला लागेल, तिच्यावर नावं असतील. जुन्या गाडीचं नाव कोण लिहिणार?

म्हणून या मेळाव्यात एक प्रस्ताव मांडतो. रेल्वेची रीतसर परवानगी काढून आपण एक साधी पाटी लावू. मजकूर मराठीत, कोणालाही वाचता येईल असा: इथून पाचोऱ्याला छोटी गाडी जात असे, रुळांमधलं अंतर अडीच फूट, ती का सुरू झाली, कोणाच्या उपयोगी पडली, केव्हा थांबली. तारखा लिहिण्याआधी जुने कागद तपासू. आणि मुख्य म्हणजे, ज्यांनी हिच्यावर काम केलं ते गँगमन, ड्रायव्हर, गार्ड, तिकीटबाबू आज जे कोणी हयात आहेत, त्यांच्याकडे आधी जाऊन बसू. दगड थांबेल, माणसं थांबणार नाहीत. आपले सरही थांबले नाहीत. हा मजकूर त्यांच्याकडून तपासून घ्यायची फार इच्छा होती.

एक अट मात्र आहे. त्या पाटीवर आपल्या बॅचचं नाव नको. माझं तर नकोच. मी एकदा कोरून बसलोय.