गप्प बसणारा मोत्या



२०२१ साली माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावी वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती, तेव्हा देशभर बातमी झाली. वनखात्यानं दोन वानरं धरून नेली. गप्प बसलेल्या कुत्र्याची मात्र बातमी होत नाही, म्हणून आज त्याच्याविषयी बोलतो.

आपल्याकडं दसरा झाला की माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणाचं कुत्रं ट्रॅक्टरमागं जातं, कुणाचं कुलपासमोर बसून राहतं. आमचा मोत्या असाच भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात आलेला. बाकीची भुंकत होती, हा भिंतीकडं तोंड करून. शेजारी म्हणाले, "हे काय राखण करणार?"

डॉक्टरांनी आधी तपासलं. रेबीज झालेलं कुत्रं दर वेळी चावतच सुटतं असं नाही. कधी जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, गप्प पडून राहतं. अशाला हात लावू नये. मोत्या तसा नव्हता, नुसता भेदरलेला होता. लस टोचून घरी आणला. महिनाभर भाकरी ठेवून आम्ही बाजूला सरकायचो, पोरांनाही ताकीद होती. एके रात्री तो आपणहून आजीच्या पायाशी येऊन निजला.

आता पट्टा पडल्यावर त्याचा धनी मागायला आला तर? आजी म्हणते, द्यायचा. बाकीच्यांचं अजून ठरत नाही.