भटकणारी मोटार

सरळ रस्त्यावर मोटार कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकू लागली की चालकाला स्टिअरिंग सतत सावरावे लागते. मग गॅरेजमध्ये जाऊन तो प्रथम चाकांची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, करून घेतो. वास्तविक हा उपाय शेवटचा आहे.

गाडी एकाच बाजूस ओढत असेल, तर टायरांतील हवेचा असमान दाब किंवा चिकटलेला ब्रेक पाहावा. दोन्ही बाजूंस भटकत असेल, तर सांध्यांतील ढिलेपणा शोधावा. पुढचे चाक जॅकने उचलून, गाडीला भक्कम आधार देऊन, ते हलवून पाहावे. वर-खाली धरून डगमगले, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजला असण्याचा संभव असतो. डाव्या-उजव्या कडांना धरून डगमगले, तर टाय-रॉडचे टोक तपासावे.

चाक ज्या आसाभोवती वळते, त्याचा मागील बाजूचा कल, म्हणजे कॅस्टर, कमी झाला तरी गाडी भटकते. टायर मात्र धड दिसतो. म्हणून टायरवर विसंबू नये.

ढिल्या सांध्यांवर साधलेली जुळणी टिकत नाही. पैसे तर जातातच. पण गाडी सुधारली या भ्रमात चालक घाट उतरू लागतो, हा धोका मोठा. आधी सांधे, मग जुळणी, हाच क्रम हिताचा.